बेचाळीस वेळा डॉक्टर

हॉलिस ट्रिम्बलला कोणी नाव विचारत नसे. लोक त्याला चेहऱ्यावरून ओळखत, आणि हमखास चुकीचं ओळखत. स्टुडिओंच्या बरबँक गावातला झाबो खाटीक रविवारच्या जेवणाचं मांस कागदात बांधता बांधता गेली सहा वर्षं त्याला आपल्या गुडघ्याबद्दल विचारत आला होता. "डॉक्टर, जिना उतरताना कळ येते, चढताना नाही. असं का होतं?" पहिल्यांदा हॉलिसने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की बाबा रे, मी नट आहे. झाबो हसून म्हणाला, "ते असो हो. पण गुडघ्याचं काय?" तेव्हापासून हॉलिस गरम पाण्याचा शेक सांगत असे. झाबोला त्याने गुणही आला होता.

चूक झाबोची नव्हती. बावीस वर्षांत हॉलिसने एकशे एकेचाळीस चित्रपटांत काम केलं, आणि त्यांतल्या बेचाळीसांत तो डॉक्टर होता. बाकीच्यांत न्यायाधीश, पाद्री, बँकेचा मॅनेजर, शाळेचा हेडमास्तर आणि दोनदा प्रेत. नायिकेला मिठीत घेणं सोडाच, तिच्याशेजारी बसून जेवण्याचा प्रसंगसुद्धा त्याच्या वाट्याला आला नाही. नावांच्या यादीत तो आठवा-नववा असे, कधी नसेच. लांबट चेहरा, किंचित ओघळलेले डोळे आणि बोलण्याआधी चष्मा काढून हातात घ्यायची लकब, एवढ्या भांडवलावर त्याची कारकीर्द उभी होती. स्टुडिओत म्हणत, "वाईट बातमी द्यायची आहे ना? मग ट्रिम्बलला बोलवा." तो सकाळी सातला जाई, कोट चढवी, दार उघडून बाहेर येई, चष्मा काढी आणि कोणाला तरी सांगे की आमच्या हातात होतं ते सगळं आम्ही केलं. दुपारच्या जेवणाआधी त्याचं काम संपलेलं असे. नट म्हणून त्याला याहून मोठी भूक होती, आणि ती शेवटपर्यंत भागली नाही, हे मी मुद्दाम इथेच सांगून टाकतो. उगाच कोणी आशा धरू नये.

ही सगळी कामं घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवली जात. समोर त्याची बायको व्हर्ना बसे. संवादांची वही तिच्या हातात, कॉफीचं भांडं मध्ये. हॉलिसने आपली वाक्यं म्हणायची आणि समोरच्याची व्हर्नाने वाचायची, असा दोघांचा शिरस्ता. ती वाणसामानाची यादी वाचावी तशी सपाट वाचत असे, कारण तिच्या सुरावर त्याचा सूर बेतला जाऊ नये. त्यामुळे बातमी देणारा नेहमी तो आणि घेणारी नेहमी ती. त्या टेबलाशी बसून व्हर्नाने निदान पंधरा नवरे आणि अकरा मुलं गमावली होती, आणि चार-पाच वेळा स्वतःचंही मरण ऐकलं होतं. दोघांना प्रत्यक्षात मूलबाळ नव्हतं. बातमी ऐकून झाली की ती म्हणे, "दुसऱ्या वाक्यात 'खरं तर' राहिलं. परत घे."

आता एकोणीसशे सदतीस सालचं एक प्रकरण सांगायला हवं, कारण ते हॉलिसच्या पोटात काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्या मार्चमध्ये त्याला आयुष्यातली एकमेव मोठी भूमिका मिळण्याची वेळ आली. खेड्यातला डॉक्टर, चित्रपटभर तोच, पोस्टरवर त्याचा चेहरा. चाचणीसाठी अकरा पानं पाठ करायची होती. त्याच आठवड्यात व्हर्नाच्या दूरच्या माहेराहून, नेब्रास्काहून, तार आली की तिची आई शेवटच्या घटका मोजते आहे. व्हर्नाने बॅग भरून दाराशी ठेवली. हॉलिस म्हणाला, "गुरुवारपर्यंत थांब. तुझ्याशिवाय मला हे बसवता येणार नाही. चाचणी झाली की दोघं जाऊ." ती थांबली. आई बुधवारी गेली. चाचणी छान झाली, आणि भूमिका दुसऱ्याच कोणाला मिळाली. थोरल्या बहिणीला, ओपलला, व्हर्नाने पत्र लिहिलं की मी तापाने अंथरुणाला खिळले होते. ओपलने ते पाकीट परत पाठवलं. आत तिने एवढंच लिहिलं होतं की गावातल्या थिएटरात हॉलिसचं काम पाहिलं, नट नवऱ्याच्या संगतीत तूही खोटं बोलायला शिकलीस. तो ताप खोटा होता, पण तो हॉलिसला वाचवण्यासाठी काढलेला होता, आणि हॉलिसने तो तसाच राहू दिला होता. एकोणीस वर्षं.

छप्पन सालच्या ऑगस्टमध्ये ओपलचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. आपण दोघी म्हाताऱ्या झालो, आईने लावलेली लायलॅकची झाडं मेमध्ये फुलतात, यायचं तर ये. व्हर्नाने ते कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं. तेव्हाच तिचं पोट दुखायला लागलं होतं. "हे एकदा बरं होऊ दे, म्हणजे मेमध्ये जाऊ," ती म्हणायची. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. अल्सर आहे, असं तिला सांगण्यात आलं, आणि ती घरी आल्यावर दोन दिवसांनी डॉक्टर पेकहॅमने हॉलिसला एकट्याला बोलावून घेतलं.

त्या काळी रीतच तशी होती. दुखणं बायकोचं, पण बातमी नवऱ्याला. पेकहॅम टेबलावरचं पेन उचलत होता, परत ठेवत होता, खिडकीकडे बघत होता आणि नको त्या शब्दांवर थांबत होता. पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवलं, असं त्याने सांगितलं. नाताळपर्यंत, फार तर जानेवारी. "तिला काही सांगू नका. आशेवर राहू द्या." ऐकताना हॉलिसच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा माणूस किती वाईट काम करतोय, याला आणखी एक संधी द्यायला हवी. आणि मग सवयीने त्याने चष्मा काढला, जरा पुढे झुकला आणि त्या सुप्रसिद्ध मऊ आवाजात म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या हातात होतं ते सगळं तुम्ही केलंत."

पेकहॅमच्या जिवात जीव आला. त्याने उठून दोन्ही हातांनी हॉलिसचा हात दाबला आणि त्याला दारापर्यंत पोचवलं.

गाडीत बसल्यावर हॉलिसच्या लक्षात आलं की आपण काहीच विचारलं नाही. तिला खूप दुखेल का, तिला प्रवास झेपेल का, शेवटी कोण लागेल, काही म्हणजे काही नाही. समोरच्या खुर्चीवरच्या माणसाने काय म्हणायचं असतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. बेचाळीस चित्रपटांत त्याने एकाच बाजूची वाक्यं पाठ केली होती. त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्याने गाडीच्या स्टिअरिंगवर मूठ आपटली, आणि शेजारून जाणाऱ्या एका बाईने त्याच्याकडे पाहून ओळखीचं हसू दिलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून फोन करून त्याने प्रवासाचं तेवढं विचारून घेतलं. "दोन-तीन आठवडे झेपेल," पेकहॅम म्हणाला. "नंतर नाही."

म्हणजे मे महिना आता कॅलेंडरवरच राहणार होता. तिला सांगितलं नाही तर ती लायलॅकची वाट बघत बसणार, आणि बहिणीची भेट राहणार ती राहणारच. एकदा त्याच्यापायी तिला आई भेटली नाही. आता बहीणही भेटली नाही, तर तो कुठल्या तोंडाने जगणार होता?

तीन दिवस त्याने सांगायचा प्रयत्न केला. पहिल्या सकाळी अंडी समोर आली तेव्हा त्याने चष्मा काढला. व्हर्ना म्हणाली, "घाल तो परत, कॉफीत पडेल." दुसऱ्या दिवशी ती अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तो म्हणाला, "याच महिन्यात जाऊन आलो तर नेब्रास्काला?"

"ऑक्टोबरात? काय बघायचं तिथे, कापलेल्या मक्याची धाटं?" ती म्हणाली. "आणि हे टाके घेऊन? मेमध्ये जाऊ म्हटलं ना."

"बरं," हॉलिस म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तर त्याने तोंडही उघडलं नाही. स्वतःचं वाक्य त्याला सुचतच नव्हतं. कोणीतरी लिहून दिल्याखेरीज त्याने आजवर कोणाला काही महत्त्वाचं सांगितलं नव्हतं. लग्नाची मागणीसुद्धा त्याने नेब्रास्कातल्या तंबूच्या नाटक कंपनीत असताना दुसऱ्या अंकातल्या वाक्यांनी घातली होती, आणि व्हर्नाने ती ओळखून हो म्हटलं होतं.

त्या वेळी तो टेलिव्हिजनवरच्या एका घोडेस्वारांच्या मालिकेत काम करत होता. काम काय, तर गावातला डॉक्टर. स्टुडिओत अशी पद्धत असते की लिहिलेल्यात बदल झाला की बदललेली पानं निळ्या कागदावर येतात आणि ती वहीत मध्ये घालायची असतात. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉलिसने ऑफिसातल्या बाईकडून एक निळा कागद मागून घेतला आणि तिच्याच टाइपरायटरवर दोन बोटांनी एक पान टाइप केलं. आयुष्यात कधी लेखकाचा एक शब्द त्याने बदलला नव्हता. तासभर लागला. मग ते पान त्याने वहीत छत्तिसाव्या पानानंतर घातलं आणि घरी आला.

दुपारी चारचा सुमार होता. व्हर्नाने भांड्यात कॉफी करून ठेवली होती, पण स्वतः पीत नव्हती. अंगावर शाल होती. "आज काय आहे?" तिने वही ओढून घेत विचारलं.

"थोडंच आहे. छत्तीसपासून. नवं पान आलंय."

"निळं? उद्या कॅमेऱ्यासमोर जायचं आणि आज लिहितात. यांना कोणी शाळेत घातलं नव्हतं वाटतं." तिने पान उघडलं. "हं. तुझ्यापासून सुरुवात आहे."

हॉलिसने चष्मा काढला. "बाई, बसा. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"सांगा," व्हर्नाने वाचलं.

"आम्ही आत पाहिलं. तो अल्सर नाही. जे आहे ते आम्हाला काढता येण्यासारखं नाही."

"किती दिवस?" व्हर्नाने वाचलं. सूर तोच, साबण दोन वड्या, पीठ पाच पौंड.

"नाताळ. कदाचित त्याच्या थोडं पुढे. कोणाला भेटायचं राहिलं असेल तर फुलं फुलायची वाट पाहू नका."

पुढचं वाक्य व्हर्नाचं होतं. ती गप्प राहिली. हॉलिसला वाटलं तिची ओळ चुकली असेल, आणि त्याच क्षणी, असं वाटल्याबद्दल त्याला लाज वाटली. ती पानाकडे बघत होती. मग तिने कागदावरून बोट फिरवलं.

"'मला भीती वाटत नाही,'" तिने वाचून दाखवलं. "हे कोणी लिहिलं? कुठली बाई असं म्हणेल?"

हॉलिस हातातला चष्मा पुसायला लागला.

"हे पान स्टुडिओचं आहे, हॉलिस?"

"कागद स्टुडिओचा आहे."

व्हर्ना उठली. टेबलाला धरून, मग खुर्चीच्या पाठीला धरून ती मोरीपर्यंत गेली, नळ सोडला, पेला भरला आणि न पिता तसाच ठेवला. ती पाठमोरीच उभी होती. शाल एका खांद्यावरून घसरली होती, ती त्याला उचलून द्यावीशी वाटली, पण तो खुर्चीतच बसून राहिला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "ती नर्स माझ्याशी फार गोड वागायला लागली होती." मग ती वळली. "तो चेहरा आधी उतरव."

"कुठला?"

"जो लावून बसला आहेस तो. त्या चेहऱ्याने मला बेचाळीस वेळा बातमी दिली आहे. माझ्या स्वतःच्या बातमीला तरी तो नको."

"व्हर्ना, मला दुसरं काही येत नाही," हॉलिस म्हणाला. "मी तीन दिवस प्रयत्न केला. मला सांगताच येईना."

ती परत येऊन बसली. तिने पान आपल्याकडे ओढलं आणि पेन्सिल घेऊन त्यात दोन-तीन ठिकाणी काही खोडलं, काही लिहिलं. "चष्मा मला दे," ती म्हणाली. "आज डॉक्टर मी. तू समोरचा."

"समोरच्याची वाक्यं लिहिलेली नाहीत."

"नसू देत."

आणि तिने वाचलं. तसंच सपाट, घाईही नाही आणि थांबणंही नाही. "मिस्टर ट्रिम्बल, बसा. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आम्ही आत पाहिलं. तुमच्या बायकोला अल्सर नाही. जे आहे ते आम्हाला काढता येण्यासारखं नाही. नाताळ. कदाचित त्याच्या थोडं पुढे."

पेकहॅमच्या खोलीत जे त्याने ऐकलंच नव्हतं, ते आता त्याच्या कानात शिरलं. बावीस वर्षं याच टेबलावर, याच आवाजात तो प्रत्येक शब्द ऐकत आला होता. त्या आवाजापासून पळायला त्याला जागाच नव्हती. त्याने तोंड उघडलं. आवाज निघाला तो अगदी चमत्कारिक, नाकातून आणि फाटका. "मग मी काय करू?" तो म्हणाला. "ती गेल्यावर मी काय करू?"

"ते डॉक्टरला विचारायचं नसतं," व्हर्ना म्हणाली. "घरी जाऊन तिला विचारायचं."

हॉलिसने डोकं टेबलावर टेकलं आणि तो रडला. चांगलं दिसत नव्हतं ते. पडद्यावर नट रडतात तेव्हा डोळ्यांतून एक थेंब ओघळतो. याचं नाक वाहत होतं, खांदे वेडेवाकडे हलत होते आणि मध्येच उचकी लागत होती. व्हर्नाने त्याच्या विरळ केसांवर हात ठेवला. तीही रडत होती, पण तिला टाके दुखत होते म्हणून बेताने.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "ओपलला फोन लाव."

"तू बोल."

"मी काय सांगू तिला? मी बोलले की खोटंच बोलते असं ती धरून चालते. तू सांग. तुझं तूच."

फोन भिंतीवर होता. लांबचा कॉल जोडून मिळायला दहा मिनिटं लागली. नेब्रास्कात तेव्हा दिवेलागण झाली असणार. पलीकडून एक कोरडा आवाज आला. हॉलिसने आपलं नाव सांगितलं. ओपलने विचारलं, "गेली का ती?"

"नाही. नाही, ओपल. पण ती, म्हणजे डॉक्टर म्हणाले नाताळ. तिला तुला भेटायचंय. आम्ही येतो, गुरुवारी निघतो, तू हो म्हण." सगळं उलटसुलट बाहेर पडत होतं, आणि मध्येच श्वास संपत होता. "आणि आणखी एक. आईच्या वेळी तिला ताप नव्हता. बॅग भरली होती तिने. दाराशी होती. मी तिला थांबवलं. एका कामासाठी. ते काम मला मिळालंही नाही. तिने तुला खोटं लिहिलं ते माझ्यासाठी."

टेबलाशी बसलेल्या व्हर्नाने मान वर केली. हे सांगायला तिने त्याला सांगितलं नव्हतं.

"एकोणीस वर्षं," ओपल म्हणाली. "एकोणीस वर्षं मी माझ्या बहिणीला शिव्या घातल्या."

"हो," हॉलिस म्हणाला. त्याने तोंडावर हात धरला, पण हुंदका बाहेर पडायचा तो पडलाच.

"तिला दे फोन," ओपल म्हणाली.

तार तेवढी लांब नव्हती. व्हर्ना उठून भिंतीपाशी आली आणि हॉलिसने तिच्या कमरेला आधार देऊन रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. पलीकडचं बोलणं त्याला नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं.

"हो, मीच," व्हर्ना म्हणाली. "नाही, फार नाही दुखत... हो, गुरुवारी... नसू देत फुलं, मी काय झाडांना भेटायला येतेय?" मग ती बराच वेळ ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिने हॉलिसकडे पाहिलं, त्याच्या सुजलेल्या नाकाकडे आणि ओल्या हनुवटीकडे.

"नाही गं, ओपल," ती म्हणाली. "नाटक नाही करत तो. इतकं चांगलं त्याला कधी जमलेलं नाही."